‘माझी मैना’ : विरह आणि समाजभान

वाळवे तालुक्यातील वाटेगावी १९२० साली जन्मलेले अण्णा भाऊ साठे पोटासाठी मुंबईस आले व गिरणीत राबले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशाच्या गणात त्यांनी गणेशाऐवजी मायभूमीस वंदन केले. लावणीतील विरह मात्र टाकला नाही. ‘माझी मैना’ या लावणीचे मर्म येथेच आहे.

तीत मुंबईस आलेला कामकरी गावी राहिलेल्या पत्नीसाठी झुरतो. हे दुःख केवळ कविकल्पित नव्हे. गिरणगावातील असंख्य पुरुष कुटुंब गावी ठेवून, सामाईक खोल्यांत व खानावळींच्या आधाराने दिवस काढीत. त्याच विरहाच्या भाषेत पुढे खंडित महाराष्ट्राची व्यथा येते. म्हणूनच ती श्रोत्यांस निराळी समजावून सांगावी लागत नाही. समाजभान आले की कलावंताची भावना आटते, हा समज या लावणीने खोटा ठरविला.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. बेळगाव व कारवार बाहेरच राहिले. लावणीतील तो विरह अर्धाच शमला.