"दुकान कोठे शे?"

परवा दोंडाईच्याला घरी गेलो होतो, तेव्हा बाबांसाठी ई-रीडर मागवायला बसलो. हल्ली त्यांना पुस्तकातली बारीक अक्षरं दिसत नाहीत, वाचन जवळजवळ सुटलंय. यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. पैसे भरणार तोच प्रश्न आला: दोन वर्षांची जादा वॉरंटी हवी का? शेजारी बसलेल्या आत्याने विचारलं, "दुकान कोठे शे?"

अगदी बरोबर प्रश्न! आमच्या लहानपणी रेडिओ घेतला की दुकानदार गॅरंटी कार्डावर शिक्का मारायचा आणि ते कार्ड पावतीसकट पत्र्याच्या डब्यात जायचं. पण खरी गॅरंटी म्हणजे तो दुकानदार रोज मिरची बाजाराच्या वाटेवर भेटायचा, हीच.

गंमत म्हणजे कायद्यात वॉरंटी हा तसा दुय्यम शब्द. १९३० च्या माल विक्री कायद्यात अट वेगळी, हमी वेगळी. अट मोडली तर माल नाकारता येतो. हमी मोडली तर नुसती भरपाई मागायची. ती मागायची म्हणजे दिवाणी कोर्ट, वकील... रेडिओसाठी कोण जाणार? १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात मंच दिले. आणि २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे दुकान कुठेही असो, बाबांची तक्रार धुळ्यातच!

हे आत्याला सांगितलं. तिला फारसं पटलं नाही. असो.

मग जादा वॉरंटीच्या अटी वाचल्या. कारखान्यातला दोष असेल तरच दुरुस्ती. पडून किंवा दाबून पडदा फुटला तर नाही. अशा बऱ्याच पडद्यांत आत पातळ काच असते, आणि सगळ्यात महाग भाग तोच. बाबा तर छातीवर पुस्तक ठेवून झोपणारे, पहाटे ते पुस्तक हमखास जमिनीवर. त्यांच्याकडून होणार नेमकं तेच या वॉरंटीत बसत नव्हतं.

नाही घेतली. त्या पैशांत जाड कव्हर मागवलं. पावती मात्र छापून त्याच पत्र्याच्या डब्यात ठेवली, रेडिओच्या कार्डावर.