बावखल, रेडा आणि बिबट्या

वसईच्या इतिहासाची पुस्तकं बहुधा किल्ल्यापासून सुरू होतात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. पण या काळात आणि त्यानंतरही इथली बरीच माणसं किल्ल्याबाहेर, वाड्यांमधून राहत होती. वाडी म्हणजे घर, विहीर, केळी, पानवेली, भाजीचे वाफे आणि या सगळ्याला पाणी पुरवणारं बावखल. तिथे माणसं एकटी राहत नसत. त्यामुळे वसईच्या गेल्या शंभरेक वर्षांचा इतिहास वाडीतल्या जनावरांच्या बाजूनेही सांगता येतो.

१८८२च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये वसईच्या केळीची आणि उसाची दखल आहे. ही बागायत रहाटावर चाले. आमच्याकडे रहाटाला रेडा होता. डोळ्यांवर झापडं बांधून तो गोल फिरे; माळेतले मातीचे लोटे खाली जात, भरून वर येत आणि पाटात रिते होत. रेडा थकला की विहीरही दम खाते, असं आजोबा सांगत. त्यात जलशास्त्र होतं. समुद्राजवळच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरचं फार उपसलं की खालचं खारं वर सरकतं. रेड्याच्या ताकदीने जेवढं पाणी निघे, तेवढं पुन्हा झिरपायला विहिरीला सवड मिळे. उपशाची मर्यादा जनावराच्या खांद्यावर होती.

बावखल म्हणजे वाडीतलं खोलगट तळं. पावसाचं पाणी त्यात साठे, मुरे आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवी. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की त्याच्या काठावर पिवळेजर्द बेडूक जमत. रात्री इतका गलका, की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. बेडकांमागे पाणदिवड येई. फांदीवर खंड्या, चिखलात ढोकरी, आणि ऊन पडलं की काठावर येऊन बसणारं मऊ पाठीचं कासव. धामण केळीत फिरे. उंदीर तीच आवरत असल्याने तिला मारायचं नाही हा घरचा दंडक. पिकल्या चिकूवर वटवाघळं येत, केळीच्या घडावर कांडेचोर. आजी घड उतरवताना झाडावर एखादी फणी मुद्दाम राहू देई. खाजणाकडून कोल्हेकुई ऐकू आली की मात्र तीच आजी उठून खुराड्याला दगड लावून यायची. कुणाला किती द्यायचं आणि कुणाला दाराबाहेर ठेवायचं, याचा हिशेब ठरलेला होता.

पुढे इंजिन आलं, रेडा गेला. त्याचं कुणाला दुःख झालं नाही. रेड्यालाही झालं नसतं. पण रेड्याबरोबर मर्यादाही गेली. वाढत्या शहरासाठी विहिरींचं पाणी टँकरमधून जाऊ लागलं आणि विहिरी खारावू लागल्या. १९८०च्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तिला ही पार्श्वभूमी होती. १९९०मध्ये या भागाचं नियोजन सिडकोकडे गेलं, २००९मध्ये महानगरपालिका झाली. या काळात कितीतरी बावखलं राडारोड्याने भरली गेली. जुलै २०१८मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, लोकल बंद पडल्या. पाऊस प्रचंड होता हे खरं. पण पूर्वी पावसाचं पाणी जिथे जाऊन थांबत असे, त्या जागाही तोवर आपण बुजवल्या होत्या.

मार्च २०२४च्या अखेरीस वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसला. एप्रिलमध्ये तो पिंजऱ्यात सापडेपर्यंत घराघरांत दुसरा विषय नव्हता. लोक विचारत होते, हा इथे आलाच कसा? पण त्याच १८८२च्या गॅझेटिअरमध्ये ठाणे जिल्ह्याच्या प्राण्यांत बिबट्याच काय, वाघही आहे. पूर्वेला तुंगारेश्वरचं जंगल आहे, २००३मध्ये ते अभयारण्य झालं. जंगल आणि समुद्र यांच्यामध्ये आता महामार्ग, रेल्वे आणि इमारती आल्या आहेत.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बिबट्या आहे. बावखलातलं ते मऊ पाठीचं कासवही त्याच अनुसूचीत आहे. बिबट्यासाठी पिंजरे लागले, कॅमेरे लागले, आणि ते योग्यच झालं. कासवावर मात्र डबर ओतलं जातं तेव्हा कुणी मोबाइलही बाहेर काढत नाही.

आमचं बावखल अजून आहे. सातबाऱ्यावर आम्हा सात भावंडांची नावं आहेत, आणि त्यातल्या चौघांना ते भरून जागा विकायची आहे. त्यांना मी लोभी म्हणणार नाही. चिकूवर घर चालत नाही आणि मुलांच्या फिया बेडकांनी भरता येत नाहीत. पण आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यातही गोड असतं, आणि चार घरं पलीकडे, जिथलं बावखल बुजवलं, तिथलं तोंडात धरवत नाही. पुढची बैठक मेमध्येच ठेवा, असं मी सांगितलंय. त्या दिवशी सगळ्यांपुढे दोन्ही विहिरींचं पाणी ठेवणार आहे, एकेक पेला.