रुस्तुम: नाव एक, मुलूख अनेक

सध्या मुक्काम दिल्लीत, मुनिरक्याला. एका अंगाला जेएनयू, दुसऱ्या अंगाला रामकृष्णपुरम. आमच्यातल्या मराठवाड्याच्या एका जवानाला मुलाचं नाव पणजोबांवरून रुस्तुम ठेवायचं होतं. पाहुण्यांनी मोडता घातला, "हे आपलं नाव नाही." तेव्हापासून हा विषय डोक्यात होता.

रुस्तुम मूळचा इराणचा. फिरदौसीनं सुमारे १०१० साली पुऱ्या केलेल्या 'शाहनामा'तला सर्वांत मोठा योद्धा. नावातल्या 'तहम' या जुन्या शब्दाचा अर्थ बलवान, शूर. पहिल्या भागाचा संबंध अभ्यासक वाहत्या पाण्याशी किंवा वाढीशी जोडतात. याच रुस्तुमच्या हातून रणात, ओळख न पटल्यानं, स्वतःचा मुलगा सोहराब मारला गेला.

इराणच्या वायव्येला, कॉकेशस पर्वताच्या कुशीत जॉर्जिया हा ख्रिस्ती देश आहे. तिथे रुस्तुमचा 'रोस्तोम' झाला, सोहराबचा 'झुराब'. शाहनाम्यातल्या कथा जॉर्जियन भाषेत 'रोस्तोमियानी' म्हणून गेल्या. १६३३ ते १६५८ या काळात तिथल्या कार्तली राज्याच्या गादीवर रोस्तोम नावाचाच राजा होता. तो इराणात वाढलेला, धर्मानं मुसलमान, शहाच्या मर्जीतला. तरी म्त्सखेता गावच्या स्वेतित्सखोवेली या मोठ्या चर्चचा ढासळलेला घुमट त्यानंच दुरुस्त करवला. इराणी फौजांनी जॉर्जियाचे अतोनात हाल केले होते, पण लोकांनी हे नाव टाकलं नाही. आजही तिथे 'रोस्तोमाश्विली' आडनाव आहे, म्हणजे रोस्तोमचं लेकरू.

आता आपल्याकडे या. विजापूरच्या आदिलशाहीत 'रुस्तुम-ए-जमान', म्हणजे आपल्या काळाचा रुस्तुम, हा किताब होता. तो मिरवणाऱ्या सरदाराचा शिवाजी महाराजांनी २८ डिसेंबर १६५९ रोजी कोल्हापूरजवळ पराभव केला. सरदार पळाला, नाव मात्र इथंच राहिलं. पुढे छत्रपती शाहूंचे सासरे झाले ते सिंदखेडचे रुस्तुमराव जाधव. फारसी नावाला आपला 'राव' लागला आणि ते घरचं झालं. सर्जेराव, हैबतराव ही नावंही अशीच फारसी-अरबी शब्दांवरून आलेली. खुद्द शहाजी आणि शरीफजी ही नावं मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली, असं जुने ग्रंथ सांगतात. कुस्तीतही कोल्हापूरचे दादू चौगुले 'रुस्तुम-ए-हिंद' झाले, तेव्हा शब्द कुठला हे कुणी विचारलं नाही.

म्हणून मला वाटतं, ज्या नावाला साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मराठा सरदारांनी परकं मानलं नाही, ते आपण का मानावं? ज्यांच्या घरात हे नाव आहे, त्यांनी पोराला रुस्तुमच्या ताकदीबरोबर सोहराबची गोष्टही सांगावी. हत्यार उचलण्याआधी समोर कोण आहे ते ओळखायचं, हा धडा आम्हा फौजींना रोजच्या कामाचा आहे.