हिवाळ्यात सिलिंडर, कॉइल, रेग्युलेटरवर बर्फ का धरतो? काय करावं, काय टाळावं

बीदर/कलबुर्गी : डिसेंबर-जानेवारीत बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण या भागात पहाटेचा पारा कधी कधी दहा अंशांच्या खाली उतरतो. अंगात हुडहुडी भरते, पण हौदातलं पाणी गोठेल इतकी थंडी आपल्याकडं पडत नाही. तरीही याच दिवसांत लग्नाच्या मांडवामागं गॅसचा सिलिंडर पांढराफटक पडतो, वेल्डिंगच्या दुकानात रेग्युलेटर जाम होतो आणि शीतगृहातली कॉइल तर बाराही महिने बर्फ धरते. आकाशातून बर्फ पडत नाही, मग यंत्रावर येतो कुठून? आणि तो घालवायच्या घाईत माणसं जिवावर का बेततील असे उद्योग करतात?

माठाचाच नियम

उत्तर घरातल्या माठात आहे. माठातून पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं. वाफ व्हायला उष्णता लागते, ती आतल्या पाण्यातून ओढली जाते आणि पाणी गार होतं. सिलिंडरमधला गॅसही आत पातळ द्रवरूपात असतो. शेगडी पेटली की त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता पत्र्यातून, भोवतालच्या हवेतून खेचली जाते. ओढ जास्त आणि मिळणारी उष्णता कमी, असं झालं की पत्रा शून्याखाली जातो. हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि गोठतो.

हिशोबच करायचा तर एक किलो एलपीजीची वाफ व्हायला साधारण ९० ते १०० किलोकॅलरी उष्णता लागते. शून्य अंशावरच्या एक लिटर पाण्यातून ८० किलोकॅलरी काढून घेतली की त्याचा बर्फ होतो. म्हणजे एक किलो गॅस जाळताना सिलिंडर जेवढी उष्णता ओढतो, तेवढ्यात लिटरभर गार पाण्याचा बर्फ होऊ शकतो. मोठी भट्टी तासाला किती गॅस खाते हे आचाऱ्यांना ठाऊक असतंच.

अतिथंड देशांत प्रश्न उलटा असतो. तिथं बाहेरची थंडीच यंत्र गोठवते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासात गॅसच्या विहिरी, पाइप आणि वीज केंद्रांतली उपकरणं गोठली आणि लाखो घरं अंधारात गेली. तिथला उपाय म्हणजे पाइपला उबदार वेष्टन आणि तापणाऱ्या वायरी. आपल्याकडचा बर्फ यंत्राच्या स्वतःच्या कामातून तयार होतो, म्हणून उपायही वेगळा आहे.

हाटेल आणि लग्नाचा स्वयंपाक

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. पाहुण्यांचा स्वयंपाक पहाटे तीन-चारला चढतो, म्हणजे दिवसातल्या सगळ्यात गार वेळी. १९ किलोच्या एकाच सिलिंडरवर दोन मोठ्या भट्ट्या लावल्या की तासाभरात खालचा अर्धा भाग पांढरा होतो आणि जाळ मंदावतो. 'गॅस उतरंना' म्हणतात ते हेच.

यात आणखी एक गोम आहे. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतं, पण ब्युटेनला उकळायला उणे अर्धा अंश तरी लागतो. त्यामुळं आधी प्रोपेन जास्त निघून जातं आणि शेवटी तळाशी ब्युटेन जास्त राहतं. गारठलेल्या सिलिंडरमध्ये ते वर येईना की थोडा गॅस तसाच उरतो आणि 'रिकामा' समजून सिलिंडर परत जातो. पैसे पूर्ण भरलेले, गॅस मात्र अर्धवट वापरलेला, असा हा तोटा.

मग जाळ वाढवायला काय केलं जातं? सिलिंडर आडवा पाडतात, उकळतं पाणी ओततात, कधी खाली निखारे सरकवतात. तिन्ही प्रकार धोक्याचे आहेत. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी पातळ गॅसच नळीत येतो आणि भट्टीवर भडका उडतो. पातळ गॅसची वाफ झाली की तो अडीचशे पटींच्या आसपास फुगतो, म्हणजे थोडी गळतीही मांडव भरायला पुरते. निखाऱ्यांनी आतला दाब वाढतो आणि वॉल्व्ह, नळी, वॉशर यातलं जे कच्चं असेल ते आधी सुटतं.

बरोबर मार्ग साधे आहेत :

- एका भट्टीला एक सिलिंडर ओढण्यापेक्षा दोन-चार सिलिंडर एका मॅनिफोल्डवर जोडावेत. ओढ वाटली गेली की एकही पांढरा पडत नाही. जोडणी एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्यावी.
- पांढरा पडलेला सिलिंडर बंद करून उभाच बाजूला ठेवावा आणि दुसरा लावावा. दिवस वर आल्यावर पहिल्यातला उरलेला गॅस छोट्या शेगडीवर वापरता येतो.
- सिलिंडर उघड्या गार फरशीवर किंवा ओल्या मातीत ठेवू नये. लाकडी फळीवर, हवा खेळेल अशा जागी ठेवावा. गोणपाटात गुंडाळू नये. भोवतालची हवाच त्याला ऊब देत असते, गोणपाट तीच अडवतो.
- रोजचा वापर मोठा असलेल्या हाटेलांनी व वसतिगृहांनी व्हेपोरायझरची चौकशी करावी. यात पातळ गॅस बाहेर काढून सुरक्षित पद्धतीनं तापवून वाफ केली जाते. त्यासाठी सिलिंडरही वेगळ्या प्रकारचा लागतो.

गळतीचा वास आला तर आग विझवून, सिलिंडर बंद करून, विजेचं बटण न दाबता बाहेर पडावं आणि १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

वेल्डिंगचं दुकान

कपनूर, कोळार, हुमनाबाद इथल्या औद्योगिक वसाहतींत सीओटू वेल्डिंग रोजचं काम आहे. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड रेग्युलेटरमधून एकदम कमी दाबावर येतो तेव्हा इतका गार होतो की आतच त्याचे घट्ट कण, म्हणजे सुका बर्फ, तयार होऊ शकतो. सुक्या बर्फाचं तापमान उणे ७८ अंश असतं. लक्षण ओळखणं सोपं आहे. फ्लोमीटरची गोळी नाचायला लागते आणि जोडावर बारीक छिद्रं पडतात. असा जोड ट्रॉलीच्या चाकावर किंवा शेडच्या कैचीवर गेला तर पुढं भार सोसत नाही.

यासाठी रेग्युलेटरवर बसणारा विजेचा हीटर मिळतो. काम सुरू करायच्या थोडं आधी तो चालू करावा आणि वायर उघडी पडली नाही ना ते पाहावं. जाड पत्र्याचं सलग काम असेल तर इथंही दोन सिलिंडर जोडावेत. कटिंग टॉर्चचा जाळ रेग्युलेटरवर धरणं म्हणजे आतलं रबर जाळणं.

शीतगृह : बर्फाची भाषा वाचा

शीतगृहात दोन ते चार अंश ठेवायचे तर कॉइल शून्याखाली जातेच, त्यामुळं पातळ पांढरा थर नेहमीचाच. तो जाड झाला की गारवा मालापर्यंत पोचत नाही, कारण बर्फ कॉइलवर पांघरुणासारखा बसतो. कॉम्प्रेसर चालूच राहतो, वीजबिल चढतं आणि चिंच, मिरची, फळं मात्र कोंदट होतात. हा बर्फ पावसाळ्यात हवा दमट असल्यानं अधिक धरतो, पण हिवाळ्यात आवक वाढून दार सारखं उघडं राहिलं तरी तेच होतं.

बर्फ कुठं धरला यावरून बिघाड कळतो. सगळ्या कॉइलवर जाड थर असेल तर डिफ्रॉस्टची वेळ चुकते आहे किंवा हीटर बंद पडला आहे. फक्त सुरुवातीच्या काही ओळींवर बर्फ आणि पुढं कोरडं असेल तर बहुधा आतला गॅस कमी झाला आहे. दाराजवळच्या भिंतीवर धरला असेल तर दाराचं रबर गेलं आहे. खालच्या ट्रेमध्ये गोळा झाला असेल तर पाणी जाण्याचा पाइप तुंबला आहे.

प्रतिबंधाची कामं खर्चाची नाहीत. दाराला प्लॅस्टिक पट्ट्यांचा पडदा लावावा, ओला माल निथळून आत न्यावा, पेट्या कॉइलला चिकटवू नयेत आणि पंख्यांची पाती साफ ठेवावीत.

स्क्रू-ड्रायव्हर, सळई किंवा हातोडीनं बर्फ फोडणं सगळ्यात महाग पडतं. नळी फुटली आणि प्लँट अमोनियावर असला तर डोळे, घसा, फुप्फुस यांना इजा होते. कॉम्प्रेसर बंद करून, पंखे चालू ठेवून किंवा साधं पाणी सोडून बर्फ उतरवावा. अमोनियाचा उग्र वास आला तर वारा ज्या दिशेनं येतो तिकडं निघावं.

दूध आणि दवाखाना

गावोगावच्या दूध संकलन केंद्रांतल्या बल्क कूलरमध्ये दूध ४ अंशांवर ठेवतात. हिवाळ्यात सकाळचं दूध कमी असताना, ढवळणारं पातं बुडण्याआधीच मशीन चालू केलं तर तळाचं दूध गोठतं, कारण दूध उणे अर्ध्या अंशाच्या आसपासच गोठायला लागतं. पातं दुधात बुडेपर्यंत थांबणं हाच उपाय.

मोठ्या रुग्णालयांत द्रव ऑक्सिजनच्या टाकीशेजारी ॲल्युमिनियमच्या पंखांचे उंच खांब असतात. उणे १८३ अंशांच्या द्रवाला तिथं हवेची ऊब मिळून वायू होतो, म्हणून त्यावर बर्फ येणारच. रुग्ण वाढले, ओढ वाढली की थर जाड होतो आणि वायू पुरेसा तापत नाही. म्हणून दोन संच ठेवून आलटून पालटून वापरतात, एक चालू असताना दुसऱ्याचा बर्फ वितळतो. गरज पडल्यास साधं पाणी मारतात. तेल, ग्रीस, जाळ यांना तिथं सक्त मनाई असते, कारण ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेल सहज पेट घेतं.

थोडक्यात

१. बर्फ दिसला की आधी ओढ कमी करा, मग कारण शोधा.
२. ऊब द्यायची ती हवेनं, साध्या पाण्यानं किंवा त्या यंत्रासाठीच बनवलेल्या हीटरनं. जाळ, निखारे, उकळतं पाणी नको.
३. बर्फ कधीही ठोकून काढू नका.
४. सिलिंडर कोणताही असो, तो उभाच राहिला पाहिजे.
५. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठल्या भागावर बर्फ धरला हे वहीत लिहून ठेवा. मेकॅनिक आला की अर्धं काम त्या वहीनंच होतं.