राज्यसभेची सहावी जागा

शुक्रवार, 10 जून 2022.

सकाळी 9. मुंबईत विधान भवनात मतदान सुरू झाले. जागा 6, उमेदवार 7. राज्यसभेसाठी महाराष्ट्रात अशी लढत 24 वर्षांनी होत होती. इकडे अमरावतीत राजापेठला दुसरा विषयच नव्हता. भाजपचे उमेदवार अनिल बोंडे आमच्या जिल्ह्याचे. मत देणारे रवी राणा आणि यशोमती ठाकूरही इथलेच.

दुपारी 4. मतदान संपले, 285 मते पडली. अनिल देशमुख आणि नवाब मलिक तुरुंगात, रमेश लटके मे महिन्यातच गेलेले.

सायंकाळी 5. मोजणी अडली. भाजप म्हणे, ठाकूर आणि जितेंद्र आव्हाड यांनी मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला नुसती दाखवली नाही, हातात दिली. शिवसेनेच्या सुहास कांदे यांची तर दुसऱ्या पक्षालाही दिसली. सत्ताधारी महाविकास आघाडीने राणा आणि भाजपचे सुधीर मुनगंटीवार यांच्यावर बोट ठेवले. घोडेबाजार थांबावा म्हणून 2003 मध्ये पक्षाच्या प्रतिनिधीला मत दाखवण्याचे हे खुले मतदान आले. मला ते पटत नाही. आमदार पहाऱ्यात मत देतो आणि फुटायचा तो फुटतोच. अमेरिकेतही सिनेटर आमदारच निवडत. लाचखोरी आणि वर्षानुवर्षे रिकाम्या राहणाऱ्या जागांना विटून 1913 मध्ये तो हक्क थेट मतदारांना दिला गेला.

रात्री 1 च्या सुमारास. चित्रीकरण पाहून दिल्लीतल्या निवडणूक आयोगाने एकट्या कांदेंचे मत बाद केले. उरली 284. इथे एका मताचे मूल्य 100 धरतात. त्या हिशेबाने जिंकण्याचा कोटा 40.72 वरून 40.58 वर उतरला.

पहाटे. पीयूष गोयल 48, बोंडे 48. सहाव्या जागेला शिवसेनेचे संजय पवार 33, भाजपचे धनंजय महाडिक 27. तरी जिंकले महाडिक! गोयल आणि बोंडे यांची कोट्यावरची मते दुसऱ्या पसंतीने त्यांच्याकडे वळली. आघाडीच्या चौघांची बेरीज 161. नोव्हेंबर 2019 च्या विश्वासदर्शक ठरावाला 169 होते. तुरुंगातले दोघे, लटके आणि बाद मत वजा केले तरी हिशेब जुळत नव्हता. सरकारने त्याच पहाटे हादरायला हवे होते.

20 जून. विधान परिषदेचे मतदान, ते मात्र गुप्त. काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. त्याच रात्री शिवसेनेचे एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतेच्या वाटेला लागले.

29 जून, रात्र. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. कांदे तेव्हा शिंदेंसोबत होते.