उंदीर पडले की गाव सोडायचे



आपल्या आज्या-पणज्यांना रोगांची नावे तोंडपाठ होती. पटकी, देवी, गाठीचा ताप. त्यातला गाठीचा ताप म्हणजे प्लेग. आज त्याच प्लेगची गोष्ट सांगते. गोष्ट रोगाची आहे, तशीच बातमीचीही आहे. साथीच्या दिवसांत कानावर काय घ्यायचे आणि काय सोडून द्यायचे, हे त्या काळाने चांगलेच शिकवले.

सप्टेंबर 1896. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. गोदीजवळची वस्ती, धान्याची गोदामे, दाटीच्या चाळी आणि उंदीर. मुंबईत तेव्हा आठ लाखांहून जास्त माणसे होती. पुढच्या पाच महिन्यांत त्यातली जवळजवळ निम्मी शहर सोडून गेली. कोणी गलबताने कोकणात, कोणी आगगाडीने. पुण्याकडची गाडी तेव्हाही आपल्या नेरळ-कर्जतवरूनच बोरघाट चढायची. त्या गाड्यांमधून माणसे आली, गाठोडी आली आणि बातम्याही आल्या.

बातम्या कसल्या? दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही. डॉक्टर मुद्दाम मारतात. मुंबईत राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. त्यावरून अशी अफवा उठली की राणी रागावली आहे आणि तिला शांत करायला माणसांची काळजे काढून विलायतेला पाठवतात! आज हसू येते, पण तेव्हा लोकांनी ते खरे मानले. 29 ऑक्टोबर 1896 रोजी हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या दवाखान्यावर चालून गेले.

पण नुसती मोडतोड होऊन हे थांबले नाही. घरोघरी लोक आजारी माणूस लपवू लागले. कोणी माळ्यावर, कोणी अंधाऱ्या खोलीत. रोग्याला औषधपाणी मिळेना आणि त्याच घरात बाकीचे आजारी पडू लागले. अफवेनेही माणसे मेली, मैत्रिणींनो. फक्त त्यांची नोंद प्लेगच्या खात्यावर झाली.

त्या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होऊ नका. भीतीला कारण होते. पुण्यात मार्च 1897 पासून गोरे शिपाई घरात शिरून झडती घेत. पार देवघरापर्यंत, चुलीपर्यंत जात. परके पुरुष बायकांना तपासत. का तपासता, कुठे नेता, तिथे काय करणार, हे कोणी धड सांगत नव्हते. लोकांचा राग इतका वाढला की जूनमध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जिथे खरे सांगणारे कोणी नसते, तिथे खोटे सांगणाऱ्याचे फावते.

आणि रोग कशाने पसरतो, हे डॉक्टरांनाही नक्की ठाऊक नव्हते. 1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमोंड या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या पिसवांकडे बोट दाखवले. सर्वांना ते पटायला आणखी काही वर्षे गेली.

खेड्यापाड्यांतल्या लोकांनी मात्र अनुभवाने एक खूण पकडली. घरात उंदीर पटापट मरून पडू लागले, की थोड्या दिवसांत माणसे आजारी पडतात. मग गावोगाव रीतच पडली: उंदीर पडले की गाव सोडायचे. रानात, शेतात, माळावर झोपड्या घालायच्या आणि साथ ओसरली की घरी यायचे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू भुकेने माणसाकडे वळते. त्यामुळे घर सोडणे हाच मोठा बचाव होता.

झोपडीतले दिवस सोपे नव्हते. थंडी, वारा, मागे बंद घराची काळजी. पण बायकांच्या हाताला काम होते. पाणी आणायचे, चूल मांडायची, पोरे सांभाळायची. काळजे काढतात ही बातमी ऐकून माणूस नुसता घाबरायचा, करण्यासारखे काहीच नसायचे. उंदीर पडल्याच्या बातमीने काय बघायचे ते कळले आणि काय करायचे तेही कळले. धीर तिथून आला.

त्याच पुण्याजवळ, हडपसरच्या ससाणे मळ्यात, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. सावित्रीबाईंचे वय तेव्हा 66. भीती चहूकडे होती, आणि त्या रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणले असे सांगतात. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र रोगाने गाठले आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. साथ संपेल असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. चांगल्या बातमीची वाट बघत न बसता त्यांनी समोरचा माणूस उचलला.

आता 2020 आठवा. आर्थर रोडचा तोच दवाखाना आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखला जातो. मुंबईतले कोरोनाचे पहिले रुग्ण तिथेच ठेवले होते. आणि अफवा? आगगाडीऐवजी मोबाइलवरून आल्या. कोंबडी खाल्ली तर कोरोना होतो म्हणे! किती पोल्ट्रीवाले त्यात बुडाले. जागतिक आरोग्य संघटनेने या बातम्यांच्या पुरालाही साथच म्हटले आणि सल्ला दिला की आजाराची माहिती दिवसातून एकदा-दोनदा, खात्रीच्या ठिकाणाहून घ्या.

त्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली. आशाताई, अंगणवाडीताई दारोदार फिरल्या. बोटाला यंत्र लावायचे, ऑक्सिजन 95 च्या खाली दिसला तर डॉक्टरकडे पाठवायचे. म्हणजे पुन्हा तेच! एक खूण आणि एक काम.

म्हणून पुढची साथ येईल तेव्हा गटाने काही गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात. बातमी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. रात्री अंथरुणात मोबाइल नको. गटातल्या एकीने आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारून यावे आणि बाकीच्यांना सांगावे. मोबाइलवर काही आले तर विचारावे: हे कोण सांगतेय? यात बघायची खूण कोणती? मी करायचे काय? तिन्हीचे उत्तर नसेल, तर तो निरोप पुढे पाठवू नये.

आणि एक लक्षात ठेवा. बातमी मोजून घ्यायची म्हणजे दुःख लपवायचे नाही. वाडीत कोणाचे माणूस गेले, तर ते कळलेच पाहिजे. त्या घरी भाकरी पोचली पाहिजे. अंतर ठेवायचे असेल तर अंगणातून हाक मारा, पण हाक मारा. 1897 मध्ये माळ्यावर लपवलेल्या माणसाला तीच हाक मिळाली नव्हती.