शब्द ठाऊक, अर्थ परका : जोशी-अभ्यंकर हत्याकांड आणि 'विकृत' या शब्दाची मर्यादा

मराठीत 'विकृत' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. वर्तमानपत्रातला क्रूर गुन्हेगार विकृत, कादंबरीतला खलनायक विकृत, आणि न पटणारा शेजारीही विकृतच. एखाद्या शब्दाचा अर्थविस्तार इतका झाला की तो विचाराचे साधन राहत नाही. विचार थांबवण्याची सोय होऊन बसतो. या शब्दाने आपण नेमके काय झाकून ठेवतो, हे पाहण्यासाठी पुण्याच्या अर्वाचीन इतिहासातले एक प्रकरण पुन्हा उघडावे लागते.

जानेवारी 1976 ते मार्च 1977 या सुमारे चौदा महिन्यांत पुण्यात दहा माणसांचे खून झाले. आरंभ झाला तो एका महाविद्यालयीन तरुणापासून. त्याला फसवून नेऊन ठार मारण्यात आले आणि त्यानंतर त्याच्या वडिलांकडे खंडणीची चिठ्ठी धाडण्यात आली. 31 ऑक्टोबर 1976 रोजी विजयानगर कॉलनीतल्या जोशी कुटुंबातील तिघे, 1 डिसेंबर रोजी भांडारकर रस्त्यावरील 'स्मृती' बंगल्यातले पाच जण आणि 23 मार्च 1977 रोजी आणखी एक तरुण बळी पडला. आणीबाणीचा तो काळ होता. सरकारची दहशत वर होतीच. आता घराच्या दाराशीही दहशत येऊन उभी राहिली. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडू लागले आणि ओळखीच्या माणसालाही दार उघडताना हात थबकू लागला.

मार्च 1977 च्या अखेरीस आरोपी पकडले गेले, तेव्हा पुण्याला बसलेला धक्का गुन्ह्यांइतकाच गुन्हेगारांच्या ओळखीचा होता. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह हे चौघे टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. दरोडेखोरांची टोळी नव्हे, चित्रकलेच्या वर्गात बसणारी मुले! त्यांचाच एक सहाध्यायी माफीचा साक्षीदार झाला. 1978 साली सत्र न्यायालयाने चौघांना फाशीची शिक्षा सुनावली. 1979 मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली, 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले आणि 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली. पुढे 'जक्कल' हे आडनाव राहिले नाही, ते क्रौर्याचे सामान्यनाम झाले. मावळात, कामशेत-वडिवळ्याकडच्या गावांतही जुन्या पिढीला या नावाचा संदर्भ द्यावा लागत नाही.

या चौघांना आपण एका दमात 'विकृत' म्हणून मोकळे होतो. पण याच शब्दाने आपण रामन राघवचीही संभावना करतो. मुंबईत पदपथांवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गरिबांना रात्री ठार मारणारा रामन राघव 1968 साली पकडला गेला. खालच्या न्यायालयाने त्याला फाशी सुनावली; परंतु पुढे मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याची तपासणी केली. तो दीर्घकालीन संशयभ्रमी छिन्नमनस्कतेने ग्रस्त असल्याचा निर्वाळा मिळाला आणि त्याची शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली. 1995 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला. रामन राघवचे जगच भ्रमाने घडलेले होते. ही चित्तविकृती होय. उलट, खून करून झाल्यावर थंड डोक्याने खंडणीचा मजकूर पोचवणाऱ्याचे वास्तवाचे भान शाबूत असते. किंबहुना ते जरा अधिकच शाबूत असते. एकाला वास्तव दिसत नाही. दुसऱ्याला वास्तव दिसते, पण त्यातला दुसरा माणूस दिसत नाही. आपला 'विकृत' हा शब्द या दोन टोकांवर एकच पांघरूण घालतो.

हा भेद मानसशास्त्रालाही एकाएकी सापडलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये फिलिप पिनेल याने भ्रमाविना असणाऱ्या उन्मादाची कल्पना मांडली. 1835 मध्ये इंग्लंडात प्रिचर्डने 'नैतिक वेडा'ची संज्ञा रूढ केली. बुद्धी जागेवर, पण नैतिक भावना बिघडलेली, असा तिचा आशय होता. 1923 मध्ये जर्मन मनोवैद्य कुर्ट श्नायडर याने अशा व्यक्तिमत्त्वांचे दहा प्रकार वर्णिले. त्यांत अतिउत्साही आहेत तसे विषण्ण आहेत, एका कल्पनेने झपाटलेले आहेत, सतत लक्ष वेधून घेऊ पाहणारे आहेत, क्षणात स्फोट होणारे आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र दोन प्रकार विशेष महत्त्वाचे : भावशून्य आणि दुर्बल इच्छेचे. पहिल्याला दया, लाज, पश्चात्ताप यांचा स्पर्श नसतो. दुसऱ्यात क्रौर्य स्वयंभू नसते; तो ज्याच्या संगतीत पडेल त्याच्या इच्छेने चालतो.

1941 मध्ये हार्वे क्लेक्ली या अमेरिकी मनोवैद्याने 'द मास्क ऑफ सॅनिटी' हा ग्रंथ लिहून सायकोपॅथची आजची ओळख घडवली. वरकरणी मोहक, बुद्धिमान, चिंतामुक्त. आत मात्र खोटेपणा, निर्लज्जता आणि प्रेम करण्याची असमर्थता. त्याच सुमारास कार्पमनने प्राथमिक व दुय्यम असा भेद केला. प्राथमिक प्रकारात भावनेचा झरा मुळातच आटलेला असतो, तर दुय्यम प्रकारात तो आघातांनी आणि अस्वस्थतेने गढुळलेला असतो. पुढे कॅनडातील रॉबर्ट हेअर याने वीस लक्षणांची आणि चाळीस गुणांची मोजपट्टी तयार केली. याच अभ्यासपरंपरेने हेही दाखवून दिले की असा प्रत्येक माणूस खुनी नसतो. काही जण कचेऱ्यांत, उद्योगांत, सत्तास्थानांवर सुखेनैव वावरतात. रक्त न सांडता ते माणसे वापरून फेकून देतात.

या वर्गवारीतून पुण्याच्या प्रकरणाकडे पाहिले की प्रश्न बदलतो. कोणाचे निदान काय, हे पन्नास वर्षांनी लेखणीने ठरवणे उद्धटपणाचे होईल. न्यायालयाने तपासला तो गुन्हा. माणसाचा प्रकार नव्हे. कायद्याचा प्रश्नही वेगळाच असतो. भारतीय दंड संहितेच्या 84 व्या कलमाने (1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 22 व्या कलमाने) सूट दिली ती आपण काय करतो आहोत किंवा ते गैर आहे, हे चित्तभ्रमामुळे उमगतच नाही त्याला. ज्याला ते उमगते पण बोचत नाही, त्याला सूट नाही. हे योग्यच आहे. मात्र चौघांची मिळून एकच 'विकृती' कल्पिली की सर्वांत अवघड प्रश्न निसटतो : चार स्वतंत्र माणसांची एक इच्छा होते कशी? पुढाकार घेणारा, साथ देणारा आणि नकार न देणारा यांत मानसिक अंतर पुष्कळ असू शकते. बळी पडणाऱ्याच्या दृष्टीने ते शून्य असते. भावशून्य माणूस विरळा असतो. 'नाही' म्हणू न शकणारा प्रत्येक वर्गात असतो. अध्यापकांनी अस्वस्थ व्हावे ते या दुसऱ्या वाक्याने.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे आणखी एक काम आहे. मुनव्वर शाहने तुरुंगात 'येस, आय अॅम गिल्टी' हे आत्मकथन लिहिले. अशा लेखनाकडे आपण एक तर निखळ पश्चात्ताप म्हणून पाहतो, नाही तर निखळ बनाव म्हणून. दोन्ही वाचने आळशी आहेत. कबुलीजबाब हा वाङ्मयप्रकारही आहे. त्याचा निवेदक कोणासाठी बोलतो, कोठे कर्तरी प्रयोग सोडून कर्मणीत शिरतो, मृतांना किती जागा देतो, हे आपणच विचारायचे. क्लेक्लीचे सर्वांत मार्मिक निरीक्षण भाषेविषयीचे आहे. सायकोपॅथ दुःख, प्रेम, खंत हे शब्द अचूक वापरतो; पण त्या शब्दांमागचा अनुभव त्याच्यापर्यंत पोचत नाही. व्याकरण निर्दोष, अर्थ परका. म्हणजे ही व्याधी एका अर्थी शब्दार्थसंबंधाची आहे.

आणि येथेच या प्रकरणातली एक विसरलेली गोष्ट सांगायला हवी. 'स्मृती' बंगल्यात पत्नी, दोन नातवंडे आणि घरकाम करणाऱ्या वृद्ध बाई यांच्यासह मारले गेलेले काशीनाथशास्त्री अभ्यंकर हे कोण होते? 1961 मध्ये प्रसिद्ध झालेला संस्कृत व्याकरणाचा इंग्रजी कोश त्यांचा. परिभाषाग्रंथांचा संग्रह त्यांनी संपादित केला. त्यांचे वडील वासुदेवशास्त्री यांनी पतंजलीच्या महाभाष्याचे मराठी भाषांतर केले; त्याला प्रस्तावनाखंडाची जोड काशीनाथशास्त्र्यांनी दिली. ज्या महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात शब्द आणि अर्थ यांच्या संबंधाचा विचार येतो, त्याच्या सेवेत या घराण्याच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या. शब्दाशी अर्थाचे नाते नित्य आहे, या सिद्धांताच्या सान्निध्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या दारी एके संध्याकाळी ज्यांच्या लेखी 'जीव' हा केवळ एक शब्द होता ते येऊन उभे राहिले.

आज मराठी माणसाला मारेकऱ्याचे आडनाव पाठ आहे. चित्रपट, लेख, मालिका यांनी ते जिवंत ठेवले आहे. 'अभ्यंकर' हे नाव मात्र एका खटल्याच्या जोडनावातला उत्तरार्ध एवढेच उरले आहे. मारेकऱ्याचे मन समजून घेण्याचे कुतूहल गैर नाही. वर्गीकरणे शिकावीत, शब्द नेमके वापरावेत. पण बळी पडलेल्याचे काम न वाचता मारेकऱ्याचे मन तेवढे वाचत राहणे, म्हणजे माणसाकडे वस्तू म्हणून पाहण्याची तीच नजर आपणही थोडीशी उसनी घेणे होय. संस्कृत शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांच्या ग्रंथालयात अभ्यंकरांचा कोश अजूनही असतो. तो उतरवून घ्यावा आणि उघडावा. त्या घराची खरी स्मृती तेथे आहे.